छताच्या पंख्याची पारख

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत पंखा घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला आज एकाच दुकानात दोन उलटसुलट सल्ले मिळतात. विक्रेता बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरीच्या, पंख्याचा खोका पुढे करतो आणि सांगतो, वीज निम्म्याहून कमी लागेल, रिमोट आहे, इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालेल. घरचा वायरमन बरोबर असेल तर तो हळूच म्हणतो, ‘साहेब, साधाच घ्या. पूर्ण तांब्याचा, वजनाला भरलेला. वीस वर्षं बघायला नको.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. एक जण विजेचा हिशेब मांडतो, दुसरा आयुष्याचा. ज्यासाठी पंखा घ्यायचा त्या वाऱ्याचा हिशेब मात्र बहुतेक वेळा दोघेही मांडत नाहीत. गेल्या काही वर्षांत सरकारी नियम बदलले, मोटरी बदलल्या आणि जुने आडाखे कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत, असे झाले. पंख्याचे भाग कोणते, त्यांचा कस कशात, त्याबद्दल कोणाचे काय म्हणणे आहे आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

इथवरचा प्रवास

विजेवर चालणारा छताचा पंखा १८८२ च्या सुमारास अमेरिकेत फिलिप डील याने शिवणयंत्राच्या मोटरीवरून तयार केला. आपल्याकडे तेव्हा कचेऱ्यांत आणि बंगल्यांत दोरीने ओढायचे कापडी पंखे होते. शहरांत वीज आली तसा ओढणारा माणूस गेला आणि विजेचा पंखा आला. स्वातंत्र्याच्या आगेमागे या धंद्याचे मोठे केंद्र होते कोलकाता. उषा, ओरिएंट, खेतान, पोलर ही नावे त्या शहराशी जोडलेली आहेत. महाराष्ट्र आणि गोव्याचा वाटाही लहान नाही. क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज आणि बजाज या कंपन्या मुंबईच्या, आणि क्रॉम्प्टनचे पंखे गोव्यातही बनतात.

या पंख्यांसाठीचे भारतीय मानक आहे आयएस ३७४. ते १९५१ पासूनचे असून वेळोवेळी सुधारले गेले, अलीकडे २०१९ साली. पण मानक असणे आणि ते पाळणे बंधनकारक असणे यांत मोठे अंतर होते. कित्येक दशके आयएसआय चिन्हाशिवायचे पंखे राजरोस विकले गेले. वीजबचतीचे तारांकनही (स्टार लेबल) २००९ पासून होते ते ऐच्छिक. बहुतेक कंपन्या ताऱ्यांच्या वाटेला गेल्याच नाहीत, आणि घराघरांत ७० ते ८० वॅटचा पंखा हाच नेम राहिला. २०१२ साली आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ॲटमबर्ग ही कंपनी काढली. काही वर्षांतच तिचे सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बाजारात आले आणि जुन्या कंपन्यांनाही त्या दिशेने वळावे लागले. पुढे १ जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचे झाले, आणि २०२३ मध्येच केंद्राने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयएसआय चिन्हही बंधनकारक केले. लहान उद्योगांना त्यासाठी जास्त मुदत मिळाली. आजचा वाद या दोन नियमांच्या पायावर उभा आहे.

पंख्याच्या पोटात काय असते

साधा पंखा खोलला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की फिरते ती बाहेरची बॉडी. आतला भाग दांड्याला घट्ट धरून स्थिर राहतो. या स्थिर भागाला स्टेटर म्हणतात. लोखंडाच्या पातळ चकत्या, म्हणजे स्टॅम्पिंग, एकावर एक रचून तो केलेला असतो. त्याच्या खाचांच्या दोन ओळी असतात. सहसा आतल्या ओळीत स्टार्टिंगचे वाइंडिंग, बाहेरच्या ओळीत रनिंगचे. वाइंडिंग दोऱ्याने बांधून वर व्हार्निश दिलेले असते. त्यातून तीन वायरी वरच्या कपात येतात आणि तिथे बसवलेल्या कंडेन्सरला जोडल्या जातात.

पंख्याचा कस या स्टेटरमध्ये आहे, आणि दुकानात तोच दिसत नाही. स्टॅम्पिंगचे लोखंड सिलिकॉन पोलादाचे असेल तर चुंबकीय उलाढालीत वीज कमी वाया जाते. हलक्या पत्र्याचे असेल तर तीच वीज उष्णता होऊन बाहेर पडते. चकत्यांची थप्पी किती जाड, यालाही महत्त्व आहे. थप्पी पातळ केली की लोखंड वाचते, तारही वाचते. पण मोटर तापते आणि गुणगुण वाढते. खोक्यावर थप्पीची जाडी कोणी छापत नाही.

तांबे की ॲल्युमिनियम, हा वायरमन मंडळींचा आवडता मुद्दा. तो खराही आहे. तांब्याच्या तुलनेत ॲल्युमिनियमचा विद्युतरोध सुमारे १.६ पट असतो. तेवढ्याच खाचेत ॲल्युमिनियमची तार भरली तर ती जास्त तापते, आणि जोडांपाशी दगा देण्याचा संभवही जास्त. तारेवरच्या इनॅमलमुळे दोन्ही दिसायला सारखीच तांबूस. इनॅमल खरवडले तरच आतला पांढरा धातू दिसतो. त्यामुळे ‘१०० टक्के कॉपर’ या शब्दांवर गिऱ्हाइकाला विश्वास ठेवावा लागतो, आणि म्हणून वजनाचा आडाखा रूढ झाला. जड पंख्यात तांबे आणि लोखंड जास्त असणार, असा तो तर्क. साध्या मोटरीपुरता तो बऱ्यापैकी चालतो. पण जाड बॉडीने आणि लोखंडी पात्यांनीही वजन वाढते, हे विसरू नये.

स्टेटरच्या वर आणि खाली एकेक बेअरिंग असते, बहुधा ६२०१ किंवा ६२०२ क्रमांकाचे. चांगले बेअरिंग अनेक वर्षे आवाज करत नाही. ग्रीस सुकले की घरघर सुरू होते, आणि ती ऐकूनही पंखा तसाच चालवला तर स्टेटर आणि बॉडी यांमधली केसाएवढी फट बिघडून वाइंडिंग घासले जाते. बेअरिंगचा खर्च थोडा, वाइंडिंगचा बराच जास्त. घरघरीकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच महागात पडते.

कंडेन्सर हा सर्वांत स्वस्त भाग, साधारण अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा. पंखा दोन-तीन उन्हाळ्यांनंतर हळू झाला तर दोष बहुधा याचाच असतो. काठीने ढकलल्यावर फिरतो, एरवी नुसता गुणगुणतो, असा पंखा तर हमखास कंडेन्सरचा बळी. पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी अख्खा पंखा भंगारात गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पात्यांकडे लोक रंगासाठी पाहतात. पाहायला हवी ती रुंदी आणि पीळ. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३८० फेरे घेतो तेव्हा पात्याचे टोक ताशी ८५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जात असते. त्या वेगाला तिन्ही पात्यांचे वजन आणि कोन जुळलेले नसले तर पंखा डुलतो. कारखान्यात पाती वजन जुळवून तिनाचा संच करून भरतात. म्हणून दोन खोक्यांतली पाती एकमेकांत मिसळू नयेत, आणि साफ करताना पाते वाकवू नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने लोखंडी पाती लवकर गंजतात; तिथे ॲल्युमिनियमची घेतलेली बरी, आणि नटबोल्टांवरही नजर हवी.

फेरे म्हणजे वारा नव्हे

दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘स्पीड किती?’ साध्या पंख्याचा वेग मुख्यत्वे विजेची वारंवारता आणि मोटरीचे ध्रुव यांवर ठरतो. ५० हर्ट्झला चौदा ध्रुवांच्या मोटरीची कमाल गती मिनिटाला ४२८ फेऱ्यांची, सोळा ध्रुवांची ३७५ ची, आणि अठरा ध्रुवांची ३३३ ची. प्रत्यक्ष पंखा त्याहून कमी फिरतो. पात्याचा कोन कमी केला की मोटरीवरचा भार हलका होतो आणि फेरे वाढतात, पण वारा वाढत नाही. ‘हाय स्पीड’ असे छापलेला पंखा घरी लावल्यावर अंगाला वारा लागत नाही, ही तक्रार येते ती इथून.

वाऱ्याचे खरे माप घनमीटर प्रतिमिनिट. पात्यांखाली ठरावीक अंतरावर हवेचा वेग मोजून ते काढतात, आणि ते पंख्यावर किंवा खोक्यावर लिहिलेले असते. १२०० मिलिमीटरच्या पंख्याने किमान २१० घनमीटर हवा द्यावी, अशी तारांकनाची अट आहे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे असा पंखा मिनिटाला त्या खोलीच्या सहापटीहून जास्त हवा हलवतो. हा आकडा आधी पाहावा, मग बाकीचे.

तारे काय सांगतात

तारांकनाचा आधार आहे सर्व्हिस व्हॅल्यू, म्हणजे एका वॅटमागे मिळणारा वारा. २२० घनमीटर हवा ७५ वॅटमध्ये देणाऱ्या पंख्याची सर्व्हिस व्हॅल्यू २.९ येते, तेवढीच हवा ३० वॅटमध्ये दिली तर ७.३. सक्तीसोबत निकषही चढे झाले. १२०० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या पंख्यांना एका ताऱ्यासाठी किमान ४ आणि पाच ताऱ्यांसाठी किमान ६ अशी अट आली. पूर्वी ४ ला पाच तारे मिळत. जुना पाच-तारांकित पंखा नव्या मापाने एका ताऱ्यावर आला तो यामुळे. जुन्या पद्धतीचा सामान्य पंखा तर यादीतच बसत नाही.

ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की देशात घरोघरी तासन्‌तास चालणारे हे उपकरण आहे, त्यामुळे इथली वॅटची बचत सर्वांत मोलाची. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने आधी ५० वॅटचे पंखे स्वस्तात वाटले आणि २०२३ च्या अखेरीस एक कोटी बीएलडीसी पंखे लोकांपर्यंत नेण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

तारांकनावर एक तांत्रिक आक्षेप आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर वारा दहाच टक्क्यांनी घटतो, पण हवा ढकलायला लागणारी शक्ती जवळपास सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटते. म्हणजे पंखा जरा हळू केला की सर्व्हिस व्हॅल्यू आपोआप सुधारते. २१० ची किमान अट याच पळवाटेसाठी आहे. तरीही २१० च्या काठावर बसणारा पाच-तारांकित पंखा आणि २३५ घनमीटर देणारा तीन-तारांकित पंखा यांत विदर्भातल्या मे महिन्यात कोणता बरा, याचे उत्तर तारे देत नाहीत. लेबल बचत सांगते. तुमच्या खोलीला किती वारा हवा, हे तुम्हीच ठरवायचे.

साधी मोटर की बीएलडीसी

साध्या, म्हणजे इंडक्शन मोटरीत फिरत्या भागात वीज प्रेरित करावी लागते. ती तिथे काही प्रमाणात जळते, स्टेटरमध्ये आणखी जळते. चार तास चाललेल्या पंख्याची बॉडी गरम लागते ती यामुळे. बीएलडीसीमध्ये फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, आणि स्टेटरच्या गुंडाळ्यांना कोणत्या क्षणी वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो. त्यामुळे ७५ वॅटचे काम ३० मध्ये होते. आणखी एक फायदा ग्रामीण भागात जास्त कळतो. इंडक्शन मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज उतरले की साधा पंखा रेंगाळतो. चांगला बीएलडीसी पंखा १५०-१६० व्होल्टलाही तोच वेग राखतो.

पैशांचा हिशेब करून पाहू. ७५ आणि ३० वॅटमधला फरक ४५ वॅट. रोज बारा तास, वर्षात ३०० दिवस पंखा चालला तर १६२ युनिट वाचतात. युनिट ८ रुपयांचे धरले तर वर्षाला सुमारे १,३०० रुपये. बीएलडीसीसाठी जादा मोजावे लागणारे हजार-दीड हजार पाऊण ते सव्वा वर्षात वसूल होतात. पण पाहुण्यांच्या खोलीत रोज दोन तास चालणाऱ्या पंख्याची बचत २७ युनिट, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आत. शिवाय हा हिशेब पूर्ण वेगाचा आहे. साधा पंखा चांगल्या कपॅसिटर रेग्युलेटरवर मधल्या वेगाला चालवला तर तोही कमी वीज घेतो आणि फरक आक्रसतो. जुन्या मोठ्या चौकोनी रेझिस्टन्स रेग्युलेटरवर मात्र वाचलेली वीज रेग्युलेटरमध्येच तापून जाते. तो घरात असेल तर काढून टाकणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. बीएलडीसी पंखा अशा कोणत्याही रेग्युलेटरवर लावू नये. त्याला सरळ स्विच पुरतो.

दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे तितकेच ऐकण्यासारखे आहे. साधा पंखा तालुक्याच्या गावीही रिवायंड होतो. तार, बेअरिंग, कंडेन्सर कुठेही मिळतात आणि एकाचे दुसऱ्याला चालतात. बीएलडीसीची मोटर टिकाऊ असते, पण बोर्ड प्रत्येक कंपनीचा वेगळा. वीज गेल्यावर परत येताना बसणारा झटका, पावसाळ्यातल्या विजा, आणि मुख्य म्हणजे उष्णता हे त्याचे शत्रू. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मराठवाड्यात पत्र्याच्या घरात छतापाशी दुपारी काय तापमान असते, याचा विचार दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून होत नाही. बाजारात आता कोणत्याही पंख्याला चालणारे बोर्ड म्हणून विकले जाणारे बोर्डही मिळतात. त्यांनी पंखा फिरतो, पण वॅट आणि वारा पूर्वीचेच राहतील याची हमी नसते.

या दोन बाजूंमध्ये माझे मत असे: रोज आठ-दहा तास चालणाऱ्या खोलीत आणि सर्व्हिस सेंटर हाताशी असेल तिथे बीएलडीसी घ्यावा. क्वचित वापराच्या खोलीत, किंवा जिथे बोर्ड बिघडल्यावर महिनाभर वाट पाहावी लागेल अशा गावी, तांब्याच्या वाइंडिंगचा तारांकित साधा पंखा आजही शहाणपणाचा आहे.

बसवणे

चांगला पंखा वाईट बसवला तर वाया जातो. पाती छतापासून साधारण फूटभर तरी खाली असावीत, नाहीतर वरून हवा ओढायला जागाच राहत नाही. जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर ती सर्वांत कामाची. उंच छताच्या जुन्या वाड्यात लांब रॉड घ्यावा. हुकाला अडकणाऱ्या शॅकलचा बोल्ट, त्यातली स्प्लिट पिन आणि रबर बुश हे तीन लहान भाग पंख्याचे सारे वजन आणि कंप पेलतात. पिन न वाकवता सोडणारा मिस्त्री दिसला तर त्याला खाली उतरू देऊ नका.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न पडताळणीचा. खोक्यावरचे तारे आणि आयएसआय चिन्ह खरे आहे का, हे गिऱ्हाईक काही अंशी तपासू शकतो. परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की नोंद दिसते. पण सुट्या भागांतून पंखे जोडून विकणारा बाजार मोठा आहे, आणि नियमाची मुदत संपल्यानंतरही तो किती आवरला जाईल, हे दुकानादुकानांतल्या तपासणीवर ठरेल. लहान उत्पादकांची बाजूही आहे. चाचणीचा आणि परवान्याचा खर्च मोठ्या कारखान्याला जाणवत नाही, पंचवीस माणसांच्या कारखान्याला जाणवतो.

दुसरा प्रश्न आयुष्याचा, आणि माझ्या मते हाच गाभ्याचा आहे. वारा मोजला जातो, वॅट मोजले जातात, सुरक्षितता तपासली जाते. पंखा किती वर्षे चालेल आणि बिघडल्यावर कितीत दुरुस्त होईल, याचा आकडा लेबलवर नाही. वॉरंटी दोन वर्षांची की पाच वर्षांची, हे त्याचे अपुरे उत्तर आहे, कारण तीत मोटर आली तरी बोर्ड आणि रिमोट येतीलच असे नाही. पाचव्या वर्षी बोर्ड न मिळाल्याने फेकलेला पंखा आधीची वीजबचत बरीचशी खाऊन टाकतो, आणि घरात ई-कचरा वाढवतो तो वेगळाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा घरगुती टिकाऊ वस्तू तिच्या कक्षेत होत्या. पंख्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे: बोर्ड सुटा विकला जावा, त्याची किंमत जाहीर असावी, आणि तो किती वर्षे मिळेल हे खोक्यावर छापावे. हे होईपर्यंत ते तीन प्रश्न काउंटरवर गिऱ्हाइकानेच विचारायचे, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायचे.